पंधरा सेने

डुक्कर कापावं ते उएलेसेनंच, असं सगळं फालेतोआ गाव म्हणायचं, आणि म्हणताना जरा मागे सरकून म्हणायचं. माणूस भडक डोक्याचा. लग्न असो, मयत असो, नाहीतर नव्या पाद्र्याचं स्वागत असो, भुईतल्या भट्टीतून डुक्कर बाहेर आलं की हा कोयता घेऊन त्यावर वाकायचा. कुणाला काय जायचं ते त्याला कधी विचारावं लागलं नाही. पाठ मोठ्या सरदाराची, मांडी हातात मानाची काठी धरून भाषण करणाऱ्याची, पोट बायकांचं, मुंडकं भट्टीपाशी राबलेल्या पोरांचं. एकाचा तुकडा दुसऱ्याच्या ताटात गेला तर आमच्याकडे डोकी फुटतात. एकदा एका पाहुण्यानं, मांडी मला का नाही, असं सगळ्यांदेखत विचारलं. उएलेसेनं तीच गरमागरम मांडी उचलून त्याच्या थोबाडावर हाणली. पाहुण्याचे दोन दात पडले आणि मांडी कुत्र्यांनी नेली.

हे डोकं त्याला बापाकडून मिळालं होतं. बाप होडीच्या वल्ह्यानं मारायचा. पोराचा हात मोडला तेव्हा स्वतःच वैद्याकडे घेऊन गेला, आणि परतताना वाटेत रडतोस काय म्हणून पुन्हा मारला. त्या घरात उएलेसेनं वल्ह्यापुढे स्वतःहून पाठ केली ती फक्त धाकट्या बहिणीसाठी. फुआतिनो तिचं नाव. बाप तिच्याकडे वळला की हा मधे उभा राहायचा. सामोआत बहीण म्हणजे काय, ते बाहेरच्याला नाही कळायचं. भाऊ तिच्यासमोर आवाज चढवत नाही, अचकटविचकट बोलत नाही, ताट आधी तिच्यापुढे ठेवतो. आणि बहिणीनं मनातून तोंड फिरवलं तर त्या भावाचं कधी बरं होत नाही, हे आमच्याकडे पाद्रीसुद्धा मानतो.

फुआतिनोचं लग्न गावातल्याच मनासेशी झालं. मनासेची बस होती, लाकडी पेटीची, निळी-पिवळी. पहाटे गावातून निघायची, डोंगराची खिंड चढून आपियाला, शहरात, जायची आणि संध्याकाळी परत. मनासे म्हणजे हसरं तोंड. बसमध्ये जागा संपली की लोक एकमेकांच्या मांडीवर बसतात, तर कोण कुणाच्या मांडीवर बसलंय यावर ह्याची अख्ख्या रस्त्याला टिंगल चालायची. उएलेसेला तो आवडायचा नाही आणि आवडायचाही. "दाजी, तुमचं तोंड एक दिवस कुणीतरी शिवणार बघा," असं म्हणायचा. मनासे म्हणायचा, "तुम्हीच शिवा मेहुणेबुवा, तुमच्याकडे सुऱ्या भरपूर आहेत."

मग वादळ आलं आणि उएलेसेच्या घराचं छप्पर समुद्रात घेऊन गेलं. खांब तेवढे राहिले. बाप त्याच वर्षी गेला होता, आई आधीच. उघड्या खांबांत उभा राहून त्यानं बहिणीला सांगितलं, "फुआ, इथं सिमेंटचं घर उठवीन. सासरी तुला उद्या काही झालं, कुणी वाकडं बोललं, तर यायला तुझी स्वतःची खोली असेल. ती होईपर्यंत मी बायको आणणार नाही." फुआतिनो म्हणाली, "दादा, मला कोण वाकडं बोलतंय? तू आधी स्वतःचं बघ." पण त्याचं म्हणजे एकदा निघालं तोंडातून की निघालं.

म्हणून तो ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला गेला, कत्तलखान्यात. तीन हंगाम. आकड्याला लटकलेले बैल पट्ट्यावरून येत राहायचे आणि हा पायाच्या घोट्यापर्यंत रक्तात उभा राहून कापत राहायचा. थंडी अशी की सुरी बोटांना चिकटायची. एकाचा अंगठा यंत्रात गेला तेव्हाही पट्टा थांबला नाही. जेवायच्या सुट्टीत गोरे पोरगे बोलायचे, हा ऐकून घ्यायचा आणि पगार मनासेकडे पाठवायचा. गावात रोज आपियाला जाणारा माणूस तो एकच. पैसे आले की मनासे शहरात, लोकांचे पैसे गुंतवणाऱ्या फंडाच्या कचेरीत जाऊन उएलेसेच्या नावानं युनिट, म्हणजे फंडातले वाटे, घ्यायचा.

एकदा मनासेनं फोन केला. "मेहुणेबुवा, जूनअखेर फंड वाटप करतोय. तुमचा वाटा हातात घेऊ, का त्याचेच युनिट करू?" मागं पट्ट्याचा खडखडाट. उएलेसे ओरडला, "ते घर आहे दाजी, खायचं नाही! वाढवा!" आणि फोन ठेवला.

तिसऱ्या हंगामात मात्र त्याचं डोकं सटकलं. मुकादमानं त्याच्या बहिणीवरून काहीतरी घाण विनोद केला. विनोदच होता, त्या मेल्याला काय माहीत आमच्याकडे बहिणीवरून विनोद करायचा नसतो! उएलेसेनं त्याचा जबडा मोडला. मुकादम खाली पडल्यावरही हा मारतच राहिला, पट्टा बंद करून सहा जणांनी ओढून काढला. पोलीस, मग विमान, आणि पासपोर्टवर असा शिक्का की पुन्हा त्या देशात पाय ठेवायचा नाही. जे साठलं होतं तेवढंच आता.

साठलं होतं ते मनासेनं त्याला नीट सांगितलं. "दहा हजार युनिट. एकाचा भाव एक ताला साठ सेने. म्हणजे सोळा हजार." शंभर सेने म्हणजे आमचा एक ताला. उएलेसेला त्यातलं गणित तेवढंच पटलं आणि तेवढंच त्यानं धरून ठेवलं. दर शुक्रवारी संध्याकाळी रेडिओवर आधी मेलेल्यांची नावं येतात, मग बोटीच्या वेळा, मग फंडाचा भाव. मालियाच्या दुकानाच्या पायरीवर बसून तो मेलेल्यांसाठी टोपी काढायचा आणि भावासाठी कान द्यायचा. एक ताला साठ! मग उठून उघड्या खांबांपाशी जायचा आणि खोली किती लांब, खिडकी कुठं, ते पावलांनी मापायचा. एवढा मऊ झालेला माणूस मी फालेतोआत दुसरा बघितला नाही.

जुलै उजाडला. हा त्याचा तीन हंगामांनंतरचा गावातला पहिला जुलै. मधले सगळे क्वीन्सलँडच्या रक्तात गेले होते.

त्या शुक्रवारी रेडिओनं भाव सांगितला, एक ताला पंचेचाळीस.

उएलेसेनं टोपी घातलीच नाही. "काय म्हणाली ती बाई? मालिया, काय म्हणाली?"

"पंचेचाळीस म्हणाली बाबा."

"साठ असेल."

"पंचेचाळीस! मी काय बहिरी आहे?" मालिया काउंटरवरचं पीठ पुसत होती. बोलायला काहीतरी हवं म्हणून पुढं म्हणाली, "तुझा दाजी मात्र मजेत आहे हो. बसला चार टायर घातलेत, कोरे करकरीत. आज सकाळी बघितले मी."

झालं. एका युनिटमागं पंधरा सेने गेले, दहा हजार युनिटांमागं दीड हजार ताला. आणि चार टायरांना पडतात साधारण तेवढेच! हे गणित त्याला पटकन जमलं, काय करायचं? मालियानं नंतर छाती बडवून घेतली, पण तेव्हा ती पीठ पुसत राहिली.

मनासे घरापुढच्या नीरफणसाखाली बस धूत होता. उएलेसे मळ्यावरूनच दुकानात आला होता, त्यामुळे कोयता हातात होताच. आमच्याकडे प्रत्येकाच्याच हातात असतो, कुणी दचकत नाही.

"टायर छान आहेत, दाजी."

"आहेत ना?" मनासेनं ओल्या हातानं टायरवर थाप मारली. "वाटपातनं घेतले."

त्यानं लपवलं नाही, हेच तर सगळ्यात वाईट झालं. उएलेसेच्या डोळ्यांपुढं लाल झालं. "तोंडावर सांगतोस? भाव पंचेचाळीसवर आलाय! माझे दीड हजार कुठायत?"

मनासेनं आधी त्याच्याकडे बघितलं, आणि मग त्याला हसू आलं. तो असा हसणारा माणूस, काय करणार! "अहो मेहुणेबुवा, वाटप झालं की भाव उतरणारच. तुमचे तर वाढलेत उलट!"

"भाव पडला आणि वाढलेत म्हणतोस? मला मूर्ख समजतोस?"

"नाही हो, बसा इथं, सांगतो..."

उएलेसेनं कोयता टायरवर घातला, सगळ्या ताकदीनं. नवं रबर! कोयता उसळून परत आला आणि त्याचा बोथट भाग त्याच्याच कपाळावर लागला. रक्ताची धार नाकावर आली. मनासे पोट धरून हसला. म्हणाला, "बघा, टायरसुद्धा तुमचं ऐकत नाहीत!"

दुसरा घाव डोक्यावर होता. मनासेनं डावा हात वर केला म्हणून डोकं वाचलं. हात मनगटापासून तुटला आणि साबणाच्या पाण्यात पडला. तिसऱ्यांदा कोयता वर गेला होता. तो खाली आला नाही, कारण स्वयंपाकाच्या खोपटातून फुआतिनो बाहेर आली होती आणि मधे उभी होती. लहानपणी हा उभा राहायचा ना बापापुढं, तश्शी. ती किंचाळली नाही. तिनं आपली लुंगी फाडली, नवऱ्याचा दंड आवळून बांधला आणि दिराला हाक मारली, "इओपु, बस काढ!" भावाकडे तिनं एकदाच बघितलं. त्या नजरेपेक्षा मनासेनं उठून त्याला उभा चिरला असता तर बरं झालं असतं, असं उएलेसे पुढं तुरुंगात म्हणायचा.

नवे टायर रक्ताच्या चिखलातून खिंडीकडे गेले. बस दिसेनाशी झाली तोवर मनासेच्या घराण्यातले गडी गोळा झाले होते. त्यांनी खांबांशेजारी उएलेसे राहायचा त्या झोपडीला आग लावली, त्याची डुकरं दगडांनी ठेचून मारली, आणि उभे राहिलेले ते खांब, घराचे, तेही कुऱ्हाडीनं तोडून काढले. उएलेसे सापडला असता तर त्याचंही तेच झालं असतं. त्याचा काका, घराण्याचा प्रमुख ताउलापा, त्याला मानेला धरून आपल्या घरी घेऊन गेला. म्हाताऱ्यानं काठी झिजेपर्यंत त्याला मारलं, आणि हा हूं का चूं न करता मार खात राहिला.

काठी टाकून ताउलापा धापा टाकत बसला. म्हणाला, "उजाडायच्या आत चटईखाली बसायचं. मारलं तर मार खायचा, मारून टाकलं तर मरायचं. हात वर केलास तर मीच तुझा गळा कापीन."

"बसतो," उएलेसे म्हणाला. "फुआ येईल का बाहेर?"

"तिचं नाव तोंडातनं काढू नकोस."

असं आहे आमच्याकडे. ज्यानं रक्त सांडलं त्यानं घरातली सगळ्यात मानाची चटई डोक्यावर घेऊन त्यांच्या दारात गुडघे टेकायचे. सोबत न्यायची जळणाची मोळी, भट्टीचे दगड आणि केळीची पानं. म्हणजे काय, तर आम्ही डुकरं आहोत, हे आमचं जळण, हवं तर भाजून खा. त्यांनी चटई उचलली तर जीव वाचला. नाही उचलली तर दगड तिथंच असतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मेजवान्यांची डुकरं कापलेला माणूस त्या पहाटे स्वतःच्या भट्टीचे दगड उचलून चालला. काका, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, सगळं घराणं मागं. मनासेच्या अंगणात, जिथं साबणाचं पाणी अजून वाळलं नव्हतं, तिथं उएलेसे गुडघ्यांवर बसला आणि त्याच्यावर चटई पडली.

आत अंधार. केवड्याच्या पानांचा जुना वास, आजीच्या पेटीतला. बाहेर आधी काहीच नाही, नुसत्या कोंबड्या. मग पावलं, मग शिव्या. पहिला दगड उएलेसेच्या पाठीत बसला, दुसरा मानेला चाटून गेला. तिसऱ्याचा आवाज वेगळा आला, कच्चकन, आणि काकूनं हंबरडा फोडला. ताउलापाचं कपाळ फुटलं होतं. म्हातारा पडला, उठला आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला.

"माझ्या भावाचा हात परत दे!" हा इओपुचा आवाज. रात्रभर इस्पितळात बसून आला होता. "हात जोडता नाही आला डॉक्टरांना! वरनं अजून कापलाय! बस कोण चालवणार? तुझा बाप?"

कुऱ्हाडीचं पातं जमिनीवर घासत येत होतं. उएलेसेनं हात मांडीखाली दाबून धरले. मरायची भीती नव्हती असं नाही, खूप होती, त्याला लघवीसुद्धा झाली. तरी तो कान देऊन ऐकत होता ते एकाच पावलांसाठी.

ती आली. चटईची कड उचलली गेली, प्रकाशाची एक फट दिसली, आणि कुणीतरी रांगत आत शिरून त्याच्यासमोर बसलं. फुआतिनो. अंगावर नवऱ्याचं रक्त तसंच, वाळून काळं पडलेलं.

बाहेरून इओपु ओरडला, "वहिनी, बाहेर ये! तू आमची आहेस, त्यांची नाहीस!"

"मी ह्याची बहीण आहे," ती आतूनच ओरडली. "घाव घालायचा तर आधी माझ्यावर घाल!"

उएलेसेला रडू फुटलं. "फुआ..."

थाडकन त्याच्या तोंडात बसली. आयुष्यात पहिल्यांदा बहिणीनं हात उचलला होता.

"गप्प. ऐक आता. काल ऐकलं नाहीस ना? आता ऐक." ती दातांत शब्द धरून बोलत होती, बाहेर जाऊ नयेत म्हणून. "तू डुक्कर कापतोस. मांडी काढून वाढलीस की मागं राहिलेल्या डुकराचं वजन घटतं का नाही?"

"घटतं."

"मग मांडी चोरीला गेली म्हणून बोंबलतोस?"

ती आणखी पुढं सरकली.

"वर्षभर फंडानं कमावलं ते त्या साठात मुरलेलं होतं. जूनअखेर ते कापून ज्याचं त्याला वाटलं, एकेका युनिटमागं पंधरा सेने. वाटल्यावर भाव तेवढाच उतरणार नाही तर काय! सगळ्या देशाचा उतरला, तुझ्या एकट्याचा नाही. मागच्या सालीही उतरला होता, त्याच्या मागच्या सालीही. तू तिकडे होतास, तुला कुठनं दिसणार?"

"मग माझी मांडी..."

"तुझी मांडी तुझ्याच डुकराला परत लावली त्यानं! तूच म्हणालास ना फोनवर, खायचं नाही, वाढवा? तुझ्या वाट्याचे नवे युनिट घेतले, उतरलेल्या भावात. हजारावर मिळाले. आता अकरा हजारांच्या वर आहेत तुझे. भाव उतरला, युनिट वाढले, तुझे सोळा हजार होते तिथंच आहेत. एक सेना हलला नाही, दादा. एक सेना!"

बाहेर कुऱ्हाड कशावर तरी आपटली. जळणाची मोळी फुटल्याचा आवाज झाला.

"टायर?" त्याला विचारायचं नव्हतं, तोंडातून निघून गेलं.

"अजून टायर!" ती हसली का रडली कळलं नाही. "आमच्या वाट्याचे. आम्ही आमची मांडी घरी आणून खाल्ली. आमचे युनिट होते तेवढेच राहिले, म्हणजे फंडातलं आमचं तेवढं कमी झालं, आणि त्याचे चार टायर आले. हे सांगायला तो तुला बसा म्हणाला होता. दोन मिनिटांचं काम होतं."

उएलेसेनं कपाळ जमिनीवर टेकवलं. कालच्या जखमेत माती गेली. "मला मारू दे त्यांना. तू बाहेर जा."

"मी तुझ्यासाठी नाही आले. इओपुनं तुला मारला तर इओपु तुरुंगात जाईल, आणि घरात एक लुळा नवरा नि माझी पोरं राहतील. म्हणून आले." मग तिनं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, इतक्या जोरानं की नखं रुतली. "चटई उचलतील आता. गाव तुला माफ करेल, पाद्री करेल, मनासेपण करेल, तो तसलाच आहे. माझं तोंड तुझ्यासाठी आजपासून बंद. कालपर्यंत भाऊ होता मला."

ती तिथंच बसून राहिली. ऊन चढलं, चटईखाली भट्टीसारखं तापलं. दोघांच्या घामाचे ओघळ एकाच मातीत गेले आणि ती एक शब्द बोलली नाही. शेवटी इओपुनं कुऱ्हाड फेकून दिली. मोठ्यानं रडत आला आणि चटई ओढून काढली. उजेड डोळ्यांत घुसला. ताउलापानं रक्तानं माखलेलं डोकं इओपुच्या पायावर ठेवलं. पाद्र्यानं प्रार्थना सुरू केली तोवर फुआतिनो पोरांची तोंडं धुवायला घरात निघून गेली होती.

पंचांनी दंड केला तो घराण्याला अजून पुरता फिटला नाही. कोर्टानं चटईचं ऐकून शिक्षा कमी केली, तरी तुरुंग झालाच. तिथं उएलेसेनं दोनदा मार खाल्ला आणि एकदाही हात उचलला नाही. सुटला तेव्हा आधी फंडाच्या कचेरीत गेला आणि सगळे युनिट मनासेच्या नावावर करायला सांगून आला. मग मनासेच्या अंगणात जाऊन खाली मान घालून उभा राहिला.

मनासे नीरफणसाखाली बसला होता. डाव्या मनगटाच्या जागी गुंडाळलेला खुंट. बस तिथंच, पालापाचोळ्यात. इओपुला घाटातली बस जमत नव्हती, दोनदा गटारात घातली होती.

"या मेहुणेबुवा," मनासे म्हणाला. "युनिट दिलेत म्हणे. विकणार नाही मी ते, वाढू दे तिथं. पण पोट कसं भरू? चाकाला उजवा हात पुरतो, गिअर डावीकडे आहे."

"मी टाकतो गिअर."

"तुम्ही?" मनासेच्या तोंडावर ते जुनं हसू हळूहळू आलं. "हात घेतलात, तर आता हात व्हा. पण सांगेन तेव्हाच टाकायचा. ऐकावं लागेल."

तेव्हापासून बसच्या पुढच्या बाकावर, मनासेच्या डावीकडे, उएलेसे बसतो. मनासे चाक धरतो, पायानं क्लच दाबतो आणि आकडा सांगतो, "पहिला... दुसरा... तिसरा..." आणि हा टाकतो. पोलीस बघतात आणि दुसरीकडे तोंड करतात. लोक आधी बसायला घाबरायचे. मग मनासेनंच टिंगल सुरू केली, "घाबरू नका हो, ह्याला एकच हात कापायचा होता, झाला कापून," आणि पुन्हा मांड्यांवर मांड्या चढायला लागल्या. फुआतिनो बाजाराच्या दिवशी यायची, भावाच्या बरोबर मागं बसायची. त्याला हाक नाही, पाणी नाही, नजर नाही. तो रोज तिच्यासाठी बाक पुसून ठेवायचा. ती त्याच पुसलेल्या बाकावर बसायची आणि खिडकीबाहेर बघायची.

सुटल्यावरचा पहिला जुलै आला. शुक्रवार. आपियाहून परतताना खिंडीचा चढ, बस ठासून भरलेली, रेडिओ लावलेला. मेलेल्यांची नावं झाली, टोप्या उतरल्या. बोटीच्या वेळा झाल्या. मग बाईनं फंडाचा भाव सांगितला, आणि तो गेल्या शुक्रवारपेक्षा पुन्हा पंधरा-सोळा सेने खाली होता.

पीठ घेऊन मालिया होती आत, तिनं डोळे मिटले. प्रत्येकाची नजर उएलेसेच्या पाठीवर. त्याचा हात गिअरच्या दांड्यावर होता, तिथंच थिजला. समोर रस्ता नव्हता, साबणाचं पाणी होतं, आणि त्यात...

"दुसरा," मनासे म्हणाला.

त्याला ऐकू आलं नाही. बस धापा टाकायला लागली, पुढं जाईना.

"मेहुणेबुवा, दुसरा!"

दांडा हलला नाही. इंजिन गुरगुरलं, बस चढावर थांबली आणि बोटभर मागं सरकली. मागच्या बाकावर बाया ओरडल्या. डाव्या अंगाला दरी.

तेवढ्यात मागून त्याच्या पाठीत एक गुद्दा बसला.

"दादा!" फुआतिनो खेकसली. "कान फुटलेत का तुझे? दुसरा टाक म्हणतोय तो!"

उएलेसेनं दुसरा टाकला. बसनं आचका दिला, टायरांनी खडी धरली आणि गाडी वर चालली. उएलेसे डाव्या हातानं डोळे पुसत राहिला आणि उजवा त्यानं दांड्यावरून काढला नाही, कारण वर गेल्यावर तिसरा लागणार होता.